खालची साखळी

अपर्णा चित्र घेऊन आली तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांच्या फाटलेल्या पाठींना खळ लावत बसलो होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी सौंसरच्या या वाचनालयाची एक किल्ली माझ्याकडेच राहिली आहे. ती परत मागावी असं कोणाच्या मनात येत नाही आणि द्यावी असं माझ्या. दुपारी ऊन चढलं की मी इथे येऊन बसतो. सहसा कोणी येत नाही, आणि कोणी आलंच तर मला जरा धास्तावल्यासारखं होतं.

ती दारातच थांबली. "तुम्हीच गुरुजी ना जी? पुस्तकवाले?"

मी कधी कोणाला शिकवलं नाही. चष्म्याच्या काचा जाड, म्हणून गावाने मला गुरुजी करून टाकलं. मी मान हलवली.

"मी बोरगावची. विनोदची..." ती अडखळली. "दुसरी."

विनोदला मी फारसा ओळखत नव्हतो. त्याच्या पहिल्या बायकोला, उर्वशीला, ओळखत होतो. ओळखत होतो म्हणजे तिला वाचताना पाहिलं होतं. ती खिडकीजवळच्या टेबलावर पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक उघडून बसायची. शेजारी तिची लहान मुलगी मृणाल पाय हलवत बसलेली. उर्वशी डबीतल्या रंगाच्या वड्या ओल्या करायची आणि बारीक ब्रशने कागदावर पिसं उतरवायची. पुस्तकांजवळ पाणी आणू नये असा नियम होता. तो तिला सांगायला माझी जीभ कधी उचलली नाही. तिला वाटलं मी खास परवानगी दिली आहे. एकदा जाताना म्हणाली, "तुमचे लई उपकार हायेत गुरुजी." मग तिचं आजारपण निघालं, नागपूरच्या खेपा सुरू झाल्या आणि टेबल रिकामं राहिलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली.

अपर्णाने साडीच्या खोक्याचे दोन पुठ्ठे उलगडले. मध्ये कागद होता.

"आमच्या घरी रीत हाये," ती म्हणाली. "पहिली गेली का दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाची चांदीची पुतळी घालतात. अखजीले, अक्षय तृतीयेले, घागर भरतात त्या दिवशी. पहिलीच्या माहेरचा सोनार करून देते. आत्याबाईले, माझ्या सासूले, तिच्या कपाटात हे सापडलं. त्या म्हणतात, पुतळी नाही करायची, हेच करायचं. तिचीच मर्जी होती, मरतानी काढून ठेवलं तिनं." जरा थांबून ती म्हणाली, "खरंच तशी मर्जी होती काय, तेवढं पाहून सांगा. मले ते गळ्यात घ्यायले भेव नाही लागत. पण मृणाल माझ्याशी बोलत नाही. आईची चिमणी मी गळ्यात घालणार हे आयकलं तवापासून तर माझ्या हातचं पाणीही घेत नाही."

मी कागद खिडकीकडे नेला.

वरच्या अर्ध्या भागात गळ्यातली साखळी होती, तिच्या मधोमध एका आकड्याला लटकलेला छोटा पक्षी. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोटाच्या जागी कागदाचाच पांढरा रंग सोडलेला, शेपटी ताठ वर. दागिन्यात मोर असतात, पोपट असतात, हंस असतात. हा शिंपी होता, संत्र्याच्या झाडात पानाला पान शिवून घरटं करणारा. रंग इतका पातळ होता की श्वास जोरात सोडला तर उडून जाईल असं वाटावं. पक्ष्याच्या डाव्या अंगाला करडी-निळसर सावली टाकलेली होती. साखळी खरीच कागदावर ठेवली आहे असा भास होत होता.

खालच्या अर्ध्या भागात दुसरी साखळी होती, जास्त बारीक. तिच्या मध्ये नुसती एक कडी, आणि कडीत काही नाही. कडीखाली कागदावर एक फिकट डाग पडला होता.

"हे खालचं राहून गेलं," अपर्णा म्हणाली. "आत्याबाई म्हणतात, पुरं करायच्या आत गेली."

मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि इतक्या विश्वासाने माझ्याकडे कोणी पाहत नाही. मी आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांतून एक आवाज उसना घेतला आणि म्हणालो, "राहून गेलेलं नाही. वरची साखळी जिवंत बाईची. खालची गेलेल्या बाईची. आपली जागा रिकामी राहणार हे तिला माहीत होतं."

अपर्णाने हळूच पुठ्ठे मिटले. "असं होय," म्हणाली आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज थांबला तेव्हाच माझ्या मनात शंका आली. पण तिला हाक मारायची तर मोठ्याने मारावी लागली असती.

*

अखजी जवळ आली तशी बाजारात मातीच्या घागरी मांडलेल्या दिसू लागल्या. अशाच एका दुपारी मृणाल आली. बोरगावहून एकटीच, बसने. मी तिला पटकन ओळखलं नाही. पाय आता जमिनीला पुरत होते. तिने तेच पुठ्ठे माझ्यापुढे ठेवले.

"आबाजी, खालची साखळी आईची हाये असं तुम्ही सांगतलं?"

"हो. म्हणजे..."

"तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. मला वाटलं."

"वाटलं," ती म्हणाली. ओठ दाबले. "तुमच्या वाटण्यानं काय झालं माहीत हाये? घरी आजी दोन दिवस रडली. म्हणे, रिकामी कडी काढली म्हणजे आपली पोरगी आता कोठीच नाही. म्हणून चिमणी अपर्णाच्या गळ्यात कायमची बसवायची. आकडा पक्का बंद. सोनार डाख देऊन सांधणार, मंग मरेपर्यंत निघत नाही. आज संध्याकाळी जाऊन राहिले पांढुर्ण्याले."

मला खुर्चीत बसावंसं वाटेना आणि उठवेनाही. मी चष्मा पुसला.

"अन् मले सांगा," मृणाल म्हणाली, "माझ्या आईची मान इतकीशी होती काय?"

तिने बोट खालच्या साखळीवर धरलं. दोन्ही साखळ्या एका मापाने काढलेल्या होत्या, कड्यान् कडी मोजून काढल्यासारखी. खालची आखूडच होती. बारीक म्हणून नाजूक दिसते असं मी धरून चाललो होतो. मुलीने एक हात आपल्या गळ्याला लावला आणि तसाच ठेवला.

मी कपाटातून बहिर्गोल भिंग काढलं. आधी वरचा पक्षी पाहिला. त्याची सावली डावीकडे उतरत गेलेली, आणि सावलीलाही शेपटीची बारीक रेघ वर. मग खालचा डाग पाहिला. पाण्याचा थेंब वाळला की कडेला गडद रेघ राहते. या डागाला कड नव्हती. तो कडीच्या खाली नव्हता, जरा डावीकडे सरकलेला होता. आणि त्याच्या एका टोकाला, मला वाटलं, पुन्हा "वाटलं", वर जाणारी एक फिकट रेघ होती.

"काय हाये?" मृणालने विचारलं.

"कदाचित हा डाग नाही. सावली असेल. पक्षी न काढता त्याची नुसती सावली."

"कदाचित म्हणजे हो का नाही?"

"बाळा, माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून..."

"मंग तो बंद करा अन् दुसऱ्यानं पाहा."

मी दुसऱ्याने पाहिलं. तिनेही भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीवर बसली आणि पूर्वीसारखे पाय हलवू लागली; फक्त आता चपला फरशीला घासत होत्या.

"म्हणजे अपर्णाच्या गळ्यातून माझ्या गळ्यात," ती हळूच म्हणाली. "आधी ती. मंग मी मोठी झाली का मी."

"तसं असेल तर आकडा बंद करून चालणार नाही."

"तुम्ही चला मंग. तुम्हीच सांगतलं होतं, तुम्हीच सांगा."

मी विनोदला फोन लावला. मुलगी इथे आहे एवढंच सांगायचं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही निघूनच राहिलो. वाटेतच हाये सौंसर, घेतो तिले." मृणालने माझ्या हातातून फोन घेतला. "बाबा, आबाजी पण येऊन राहिले," म्हणाली आणि ठेवून दिला.

*

गाडीत मला पुढे बसवलं. मागे विनोदची आई जयवंताबाई, मध्ये मृणाल, कडेला अपर्णा. मृणालने पुठ्ठे मांडीवर घट्ट धरलेले. वाटेत विनोदने एकदा संत्र्याच्या बागांकडे पाहून "यंदा पाणी पुरन का नाही" असं म्हटलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. मी मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होतो. पांढुर्णा येईपर्यंत त्या वाक्याची चार-पाच रूपं झाली. प्रत्येकात "कदाचित" होतं.

कवडू सोनाराचं दुकान अरुंद होतं. उर्वशीच्या माहेरचे सगळे दागिने याच माणसाने घडवलेले. त्याने गुलाबी कागदाची घडी उलगडली आणि पक्षी गादीवर ठेवला. चांदीचा, टोपीवर तांबूस मीना, शेपटी उभी. जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"उर्वशी लहानपणी इथं याच गादीवर बसे," कवडू म्हणाला. "मोर कर म्हटलं असतं तर दोन दिवसांत करून देल्ला असता. ही शेपटी उभी राहेना माझी. चित्रात सगळंच उडते, चांदीले वजन राहते." मग माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही काहून आले? चिमणीले शिकवायले?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. त्याची शेगडी पेटलेली होती आणि फुंकणी शेजारी तयार होती.

"आकडा बंद करा म्हणतात बाई," कवडू म्हणाला. "चित्रात उघडाच हाये. पण चित्र काढणाऱ्याले दागिन्याची अक्कल कमी राहते. उघडा ठेवला तर कोठी पडन, समजणारही नाही."

"पडलं नाही पाहिजे," जयवंताबाई म्हणाल्या. "पडलं म्हणजे ती आपल्यावर रुसली. बंद कर भाऊ. पोरीचं काही तरी या घरात राहिलं पाहिजे. फोटो भिंतीवर राहते, त्याच्याकडे कोण पाहते? गळ्यात राहिलं का रोज दिसते."

मृणालने माझी बाही ओढली.

"बाई," मी म्हणालो. "मी तुमच्या सुनेला त्या दिवशी जे सांगितलं ते बरोबर नव्हतं. खालची साखळी गेलेल्या माणसाची नाही. ती मृणालची आहे. लहान आहे, बघा. आणि हा डाग नाही. सावली आहे. वरचा पक्षी पुढे खाली यायचा आहे, म्हणून तिने आधीच सावली काढून ठेवली."

विनोद कागदावर वाकला. "माझ्या चहाचाही असंल. मी तिथंच बसून चहा पेत होतो तवा."

"तू चूप बस," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी चित्र स्वतःकडे घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग माझ्यापुढे ठेवलं. "गुरुजी, मी शाळा पाह्यली नाही. मले डाग समजत नाही अन् सावलीही समजत नाही. त्या दिवशी तुम्ही म्हटलं रिकामी जागा, मी तेही मानलं. आज तुम्ही दुसरं सांगून राहिले. आता एकच सांगा. पक्कं हाये काय? पक्कं असन तर आकडा उघडा ठेवू. नसन तर भाऊ डाख देईन अन् मी मोकळी होईन."

सगळे माझ्याकडे पाहत होते. अपर्णाही. मृणाल मात्र शेगडीकडे पाहत होती.

पक्कं हा शब्द मी जन्मात वापरला नसेल. एखादं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे विचारलं तरी मी "बहुतेक" म्हणत असे, ते कपाट स्वतः लावलेलं असतानाही. मी खिशातून भिंग काढलं. डागाकडे पुन्हा पाहिलं असतं तर मी तेच "कदाचित" म्हणालो असतो. म्हणून मी डागाकडे पाहिलंच नाही. वरच्या आकड्याकडे पाहिलं.

आकडा उघडा होता. त्याचं टोक आत वळलेलं, आणि टोकाशी पांढऱ्या कागदाची बारीकशी फट. त्या फटीच्या दोन्ही कडांना रंगाची रेघ अगदी स्वच्छ थांबलेली. मी त्या बाईला पिसं काढताना पाहिलं होतं. एका पिसासाठी ती ब्रश तीनदा पुसायची, पाणी जास्त झालं तर टिपून घ्यायची, मग दम धरून एक रेघ मारायची. तिच्या हातून आकडा चुकून उघडा राहणार नव्हता.

"पक्कं आहे," मी म्हणालो.

आवाज फार बारीक निघाला. कवडूला ऐकू गेला नसावा, कारण त्याने "काय?" विचारलं. मला तो शब्द पुन्हा म्हणावा लागला.

जयवंताबाई काही वेळ गादीवरच्या पक्ष्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे तवा पाहायले मी राहत नाही," त्या म्हणाल्या. "ही लग्नाची होईपर्यंत."

"राहशील," विनोद म्हणाला.

"तुले काय माहीत."

अपर्णा पुढे झाली. "कवडू भाऊ, खालची साखळी पण करून ठेवा," ती म्हणाली. "आताच. आत्याबाईले पाहायची हाये. आत्याबाई त्यांच्या डब्यात ठेवतील."

"माप?"

अपर्णाने मृणालकडे पाहिलं, पण तिच्या गळ्याला हात लावला नाही. "तिले इचारा," म्हणाली.

कवडूने दोरा मृणालपुढे धरला. मृणालने तो घेतला आणि स्वतःच आपल्या गळ्याभोवती फिरवला. बोटाने जागा पकडली. मग, विचार करून, दोरा थोडा सैल सोडला.

"वाढन मी," ती कवडूला म्हणाली.

कवडूने शेगडी विझवली. "आकडा जरा खोल वळवून देतो," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "पडत नाही मंग. काढायचा तरच निघते."

*

अखजीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. न जाण्याची मी तीन कारणं तयार केली होती. विनोद घ्यायलाच आला, त्यामुळे ती वाया गेली.

बोरगावच्या घरात उर्वशीच्या नावाची घागर भरलेली होती, तिच्यावर खरबूज ठेवलेलं. आमरस वाटला जात होता. मी भिंतीलगत एक खुर्ची धरून बसलो. चित्र काचेच्या चौकटीत घालून जयवंताबाईंच्या खाटेवर, हाताला लागेल असं टांगलं होतं. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होतो. आता पाहिलं आणि तो डाग डागच दिसला तर काय, ही भीती होती. डागाची खात्री मला आजही नाही.

घागरीला हात जोडून झाल्यावर जयवंताबाईंनी गुलाबी कागद आणला. अपर्णा पाटावर बसली. गळ्यात नुसती साखळी होती. रीत अशी की सासूने घालायचं. जयवंताबाईंनी पक्षी चिमटीत धरला, पण आकडा कडीत जाईना. एकदा गेला आणि निसटला.

"दे, आजी," मृणाल म्हणाली.

बायांपैकी कोणीतरी "लेकरानं नसते घालत" असं म्हटलं. जयवंताबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पक्षी मृणालच्या तळहातावर ठेवला.

ती अपर्णासमोर गुडघ्यांवर बसली. एका हाताने साखळी धरली, दुसऱ्या हाताने आकडा वळवून कडीत सरकवला. मग खाली ओढून पाहिलं, पडत तर नाही ना. एकदा काढूनही पाहिला. निघाला. पुन्हा घातला.

अपर्णा हलत नव्हती, मान ताठ धरून समोर पाहत होती.

"टोचते काय?" मृणालने विचारलं.

"नाही," अपर्णा म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "थोडी शेपटी टोचते."

मृणालने वाकून पाहिलं, आणि बोटाने पक्षी हळूच बाहेरच्या बाजूला वळवला.